घर राखलं, वाडी विकली

एलिझाबेथ फार्ममध्ये गेलात तर खुशाल खुर्चीत बसा. कुणी हटकणार नाही. सिडनीजवळच्या पॅरामॅटातलं हे घर १७९३ सालचं, ऑस्ट्रेलियात उभ्या असलेल्या युरोपीय घरांत सर्वांत जुनं मानलं जाणारं. तरीही आत ना दोरी आडवी, ना ‘हात लावू नये’ची पाटी. सामानसुमान जुन्याच्या नमुन्यावर नव्याने घडवलेलं आहे, त्यामुळे पोरांनी हाताळलं तरी बिघडत नाही. भारतातून कुणी पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतो. हॅरिस पार्कच्या विग्रम स्ट्रीटवर जेवायचं, मग चालत चालत अ‍ॅलिस स्ट्रीटला यायचं. विग्रम स्ट्रीट म्हणजे आपली ‘लिटल इंडिया’. डोशाच्या वासातून निघालेला माणूस जेमतेम पंधरा-वीस मिनिटांत ऑस्ट्रेलियाच्या मेंढपाळीच्या उगमाशी पोचतो.

पाहुणे व्हरांड्यात टेकतात आणि हमखास विचारतात, “शेत कुठंय?”

प्रश्न भाबडा नाही. पाटीवर ‘फार्म’ लिहिलंय आणि समोर दिसतात ती शेजाऱ्यांची कौलं, फ्लॅटच्या बाल्कन्या, रस्त्यावर लावलेल्या गाड्या. घराभोवती नेटकी बाग आहे, जुनी झाडं आहेत. पण शेत नाही, नदीकडे जाणारी नजर नाही, मेंढ्यांचा वाडगा नाही. कोकणातला माणूस याला घर म्हणेल, ‘घरवाडी’ म्हणणार नाही. आपल्याकडे वाडी या शब्दात माड, पोफळी, विहीर, पाट, गोठा, बांध सगळं येतं, आणि घर त्याच्या मधोमध असतं. वाडी गेली की उरतं ते घरठाण. इंग्रजीतला ‘होमस्टेड’ हा शब्द याच अर्थाचा आहे. वारशाच्या कायद्याने मात्र बहुतेक वेळा त्यातलं घर तेवढं उचललं. मला तक्रार करायची आहे ती याबद्दल.

जॉन मॅकार्थर १७९० साली, ब्रिटनहून कैदी आणणाऱ्या जहाजांच्या दुसऱ्या ताफ्यातून, इथे आला. न्यू साउथ वेल्स कोअर या पलटणीतला लेफ्टनंट, कर्जाचा आणि भांडणाचा शौकीन. १७९३ साली त्याला पॅरामॅटा नदीकाठच्या टेकाडावर १०० एकर जमीन मिळाली. देणारा त्याच्याच पलटणीतला वरिष्ठ, तेव्हा हंगामी कारभार पाहणारा फ्रान्सिस ग्रोस. त्यातली पहिली ५० एकर साफ करून लागवडीखाली आणली म्हणून बक्षिसी आणखी १०० एकरांची. झाडं पाडणारे, विटा भाजणारे, नांगरणारे हात कैद्यांचे. घर ६८ फूट लांब आणि १८ फूट रुंद, तळमजल्यावर चार खोल्या, शेजारी स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्या, असं त्याने अभिमानाने कळवलं होतं. बायकोच्या नावावरून फार्मचं नाव ठेवलं. आजचा रुंद व्हरांडा आणि उतरतं छप्पर मात्र त्या पहिल्या घराचं नाही, ते पुढच्या वाढवण्या-सजवण्यातलं, मुख्यत: १८२०च्या दशकातलं. आपल्याला तिथे पाऊल टाकताच ओसरीवर आल्यासारखं वाटतं, आणि ते उगाच नाही. हा बांधणीचा प्रकार इंग्रजी साम्राज्यातून फिरत फिरत आला आणि ‘बंगला’ व ‘व्हरांडा’ हे शब्द त्याने हिंदुस्थानातूनच उचलले.

हिंदुस्थानाशी आणखी एक धागा आहे आणि तो आपल्या लोकांना सांगितला की डोळे मोठे होतात. ऑस्ट्रेलियाची लोकर म्हटली की मेरिनो, बारीक लोकरीच्या मेंढ्यांची जात. दोन डॉलरच्या जुन्या नोटेवर, १९८८ साली तिच्या जागी नाणं येईपर्यंत, मॅकार्थर आणि मेरिनो मेंढा दोघं छापलेले असत. पण मॅकार्थरच्याच सांगण्यानुसार सुरुवात बंगाली मेंढ्यांपासून झाली. १७९४च्या सुमारास त्याने कलकत्त्याहून आलेल्या साठेक मेंढ्या एका अधिकाऱ्याकडून घेतल्या. मग आयर्लंडच्या काही मेंढ्या मिळाल्या, दोन्हींचा संकर केला, आणि कोकरांच्या अंगावर केस आणि लोकर मिसळलेली निघाली. तेव्हा त्याच्या डोक्यात बारीक लोकरीचा विचार आला. दक्षिण आफ्रिकेतल्या केपहून मेरिनो येईपर्यंत १७९७ उजाडलं. म्हणजे आजच्या विग्रम स्ट्रीटच्या फार आधी पॅरामॅटाच्या त्या टेकाडावर बंगालची बिऱ्हाडं येऊन चरून गेली होती.

लोकरीचा उद्योग उभा राहिला तो बराचसा एलिझाबेथ मॅकार्थरमुळे. साहेबांचा बराच काळ भांडणं निस्तरण्यात गेला. वरिष्ठाशी द्वंद्वयुद्ध केलं म्हणून १८०१ साली त्याला इंग्लंडला पाठवलं गेलं, तो १८०५ला परतला. १८०८ साली गव्हर्नर ब्लाय याला पदच्युत करणाऱ्या बंडात त्याचा हात होता, म्हणून १८०९ ते १८१७ पुन्हा इंग्लंड. ही सगळी वर्षं मिळून बारा तरी होतात. एवढा काळ कळप, मजूर, हिशेब, मुलं सगळं बाईंनी सांभाळलं. नोटेवर चेहरा मात्र त्याचा. बरं, हा भाग आजकाल संग्रहालयात नीट सांगितला जातो. मला खुपतं ते वेगळंच.

मॅकार्थर १८३४ साली वारला, एलिझाबेथ १८५० साली. १८८१ साली उरलेली मालमत्ता विकली गेली आणि घेणाऱ्याने तिचे तुकडे पाडले. एका भागावर १८८५ साली रोझहिलचं घोड्यांच्या शर्यतींचं मैदान सुरू झालं. बाकीच्या जागेवर रस्ते, घरं, कारखाने. घर रया जाऊन पडलं होतं. १९०४ साली ते स्वान या शिक्षकी पेशातल्या कुटुंबाने घेतलं आणि त्यांच्या मुलींनी १९६८पर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन पिढ्या, ते जपलं. मग एका विश्वस्त मंडळाने घेतलं, पुढे राज्य सरकारने. १९८४ साली संग्रहालय म्हणून उघडलं. न्यू साउथ वेल्सचा वारसा कायदा १९७७चा. राज्याच्या वारसा यादीत क्रमांक १ कुणाचा, तर याच घराचा.

क्रमांक १. आणि शेत शून्य.

वारशाच्या कामात इथे ‘कर्टिलेज’ असा एक शब्द रूढ आहे. म्हणजे वास्तूला अर्थ यावा म्हणून तिच्याभोवती जेवढी मोकळी जागा, दृश्य, वाट राखणं भाग आहे तेवढा परीघ. आपला ‘आवार’ शब्द त्याला चांगला बसतो. तज्ज्ञांना आवार किती महत्त्वाचं ते ठाऊक आहे, त्यांनी ते लिहूनही ठेवलं आहे. अडचण अशी की संरक्षण येतं शेवटी, जमीन गेलेली असते आधी. एलिझाबेथ फार्मची जमीन १८८०च्या दशकात तुकडे होऊन गेली, कायदा आला १९७७ साली. मधल्या नव्वद-शंभर वर्षांत जे झालं ते कुणाच्याही वारसा समितीने केलेलं नाही. त्यामुळे मी कुणाला दोष देत नाही. मला सांगायचंय ते एवढंच की यादीतल्या नोंदीने आपली समजूत करून दिली आहे की वारसा वाचला.

या घराच्या आसपास आणखी दोन होमस्टेड आहेत आणि त्यांच्याशी तुलना केली की मुद्दा उघडा पडतो.

पहिलं राउस हिल हाउस, पॅरामॅटाच्या वायव्येला. रिचर्ड राउस हा पॅरामॅटाच्या सरकारी बांधकामांचा आणि कैद्यांचा अधीक्षक. १८१३ ते १८१८च्या दरम्यान त्याने हे घर बांधवून घेतलं, ४५० एकरांवर. एकाच घराण्याच्या सहा पिढ्या तिथे नांदल्या. १९७८ साली सरकारने ते ताब्यात घेतलं आणि १९९९ साली लोकांसाठी उघडलं. इथे तत्त्व एलिझाबेथ फार्मच्या अगदी उलटं: जसं सापडलं तसं ठेवायचं. विटलेले पडदे विटलेलेच, भिंतीवरचा कागद सोलवटलेला तसाच. घर मागच्या एका काळात नेऊन चकाचक करायचं नाही, थरावर थर दिसू द्यायचे. वास्तुविशारद हॉरबरी हंटने १८७६ साली आखलेला तबेला आहे, बागेची मूळची आखणी आहे, विंडसर रोडचा जुना तुकडा आहे आणि १८८८च्या शाळेची इमारतही आवारात आहे. आवार टिकलं म्हणून तिथे उभं राहिलं की कळतं, राउसने टेकडी का निवडली. रस्त्यावर नजर ठेवायला.

नजर ठेवण्याची गरज का होती, तेही तिथली जमीनच सांगते. ५ मार्च १८०४ रोजी कासल हिलच्या सरकारी शेतावरून पळालेल्या, बहुतांश आयरिश कैद्यांना सैन्याने या परिसरात गाठून गोळ्या घातल्या. त्या लढाईला त्यांच्याच देशातल्या व्हिनेगर हिलच्या लढाईचं नाव पडलं आणि टेकडीलाही तेच नाव लोकांच्या तोंडी रुळलं. गव्हर्नर मॅक्वारीने नाव बदलून राउस हिल केलं. आज त्या नावाचं रेल्वे स्टेशन आहे, मॉल आहे, आणि चहूबाजूला आपल्या लोकांची घरं. मराठी मंडळी तिथे थोडकी नाहीत. मी स्वत: त्याच पट्ट्यातल्या एका नव्या वसाहतीत घर घेतलं आहे, कुणाच्या तरी जुन्या कुरणावर. तेव्हा ‘इमारती नकोत’ म्हणण्याचा मला अधिकार नाही, आणि तसं मला म्हणायचंही नाही.

दुसरं कॅम्डेन पार्क, सिडनीच्या नैर्ऋत्येला. १८०५ साली लंडनहून ब्रिटिश मंत्री लॉर्ड कॅम्डेनची जमीन देण्याची चिठ्ठी घेऊन मॅकार्थर परतला, ५,००० एकरांची. जागा होती काउपास्चर्स, जिथे १७८८ साली हरवलेली गुरं सात वर्षांनी मोठा कळप होऊन सापडली होती. जॉन व्हर्जने आखलेलं तिथलं घर १८३५ साली पुरं झालं, ते पाहायला मॅकार्थर उरला नव्हता. त्याच्या मुलाने, विल्यमने, तिथे रोपवाटिका चालवली, १८४३पासून तिची छापील सूचीपत्रं निघत. कॅमेलियाची त्याची झाडं अजून आहेत. घरात अजूनही घराण्याचेच वंशज राहतात आणि वर्षातून एकदा, सप्टेंबरात, लोकांना आत सोडतात. जुन्या इस्टेटीचा काही भाग सरकारकडे शेती संशोधनासाठी गेला, तरी घराभोवती कुरण आहे. खिडकीतून जे दिसतं ते बऱ्याच अंशी शेतच आहे.

तीन घरं, तीन तऱ्हा. एलिझाबेथ फार्ममध्ये सगळ्याला हात लावता येतो पण जमीन गेली. राउस हिलमध्ये कशालाही हात लावायचा नाही, पण थोडं आवार उरलं. कॅम्डेन पार्कमध्ये जमीन सर्वांत जास्त टिकली, पण वर्षातले दोन दिवस सोडले तर दार बंद. आता यातून कुणी असा अर्थ काढेल की बघा, सरकारच्या हाती फक्त विटा वाचतात आणि खासगी घराण्याच्या हाती जमीन. अर्धं खरं आहे. कॅम्डेन पार्क टिकलं ते त्या घराण्याने विकलं नाही म्हणून. पण याच घराण्याने पॅरामॅटाची जमीन विकलीच ना. तिथे शहर दारात येऊन उभं राहिलं होतं. कॅम्डेनच्या दारातही आता शहर येतंय. घराण्याच्या भल्या मनावर पाच हजार एकर फार दिवस टांगून ठेवता येत नाहीत, हे कुठल्याही मराठी माणसाला सांगायला नको. आपल्याकडे भाऊबंदकीत वाड्यांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

यावर लोक मला विचारतात आणि रास्त विचारतात: जमीन राखायची कुणासाठी? कैद्यांच्या घामावर आणि हिसकावलेल्या भूमीवर मोठ्या झालेल्या एका जमीनदाराच्या आठवणीसाठी? घरभाडी गगनाला भिडली असताना?

तर मुळात ती आठवण जमीनदाराची नाहीच. घर जमीनदाराचं. जमीन सगळ्यांची गोष्ट सांगते. पॅरामॅटा हे नावच इथल्या आदिवासींच्या धारुग भाषेतलं, ईल माशांच्या जागेवरून आलेलं. बुरामत्तगल लोक त्या नदीच्या काठाने मासे पकडत राहत होते. घराच्या दिवाणखान्यात त्यांची खूण शोधायला गेलात तर सापडणार नाही, नदीकाठी सापडेल. कैद्यांची खूण मालकाच्या जेवणघरात नसते, बांधावर, तबेल्यात, विटांच्या भट्टीत असते. एलिझाबेथबाईंचं खरं कर्तृत्व शिवणटिपणाच्या खोलीत नव्हतं, कुरणात होतं. घर तेवढं राखून बाकीचं सोडून दिलं की आपोआप मालकाची बाजू उरते, मग मार्गदर्शक कितीही मनापासून दुसरी बाजू सांगोत. सांगायला पुरावा समोर असावा लागतो.

आणि जमीन यादीत घालता येतच नाही असंही नाही. १७ एप्रिल १८१६ रोजी कॅम्डेनपासून फार दूर नसलेल्या अ‍ॅपिन इथे सैनिकांनी रात्री तळावर चाल करून किमान चौदा आदिवासींना मारलं, त्यांत बायका आणि मुलंही होती. काउपास्चर्सच्या आसपासच्या जमिनीवरून पेटलेल्या झगड्याचाच तो भाग. तिथे राखायला घर नाही, भिंत नाही, दगडी चौथराही नाही. तरीही अ‍ॅपिनचा तो परिसर २०२२ साली न्यू साउथ वेल्सच्या वारसा यादीत आला, सांस्कृतिक भूदृश्य म्हणून. त्याच यादीत, जिच्यात एलिझाबेथ फार्म पहिलं आहे. म्हणजे कायदा बदलायला नको, बघायची सवय बदलायला हवी.

आता रोझहिल. मॅकार्थरच्या वाडीवरचं ते शर्यतीचं मैदान २०२३च्या डिसेंबरात बातम्यांत आलं. मैदान विकून तिथे सुमारे २५,००० घरं आणि मेट्रोचं स्टेशन करायचं, ५ अब्ज डॉलरचा व्यवहार, राज्य सरकार पाठीशी. दीडेक वर्ष वाद रंगला. २०२५च्या मे महिन्यात शर्यतीच्या क्लबच्या सभासदांनी मतदान करून प्रस्ताव फेटाळला. मला या वादात कुणाची बाजू घ्यायची नाही. घरं हवीत हे खरं आणि १४० वर्षं चाललेलं मैदान हाही एक वारसाच. पण मी ऐकलेल्या चर्चेत एकीकडे घोडे होते, दुसरीकडे फ्लॅट. पलीकडच्या रस्त्यावर यादीतलं पहिलं घर आहे आणि हे मैदान त्याच्याच अंगणात आहे, हा मुद्दा माझ्या कानावर आला नाही. घर वाचलं होतं ना? मग आता आणखी काय?

प्रस्ताव पडला तरी तसा दुसरा येणार. आज ना उद्या त्या जागेवर घरं होणार असं माझं मत, आणि झाली तर त्यांतली बरीचशी आपल्यासारखे लोक घेणार. म्हणून माझी मागणी बांधकाम थांबवण्याची नाही, आखणीची आहे. तिथे काही उठवायचं तर टेकाडावरच्या घरापासून नदीकडे जाणारी एक नजर मोकळी राहू द्या, एखाद्या रस्त्याच्या रुंदीएवढी तरी. जुन्या फार्मची हद्द जमिनीवर दिसू द्या, फरशीत एक वेगळी ओळ बसवून. त्याला वर्षाचं बजेट लागत नाही, आराखड्यावर पेन्सिल लागते, तीही वेळेवर. वारसा खात्याने घराची नोंद घराच्या कुंपणाशी संपवू नये. मूळ २०० एकरांचा नकाशा त्या नोंदीला जोडावा, आणि त्या हद्दीत कुणी मोठं काम काढलं की वारसा खात्याचं मत घेणं भाग पडावं. मनाई नको. विचारणं पुरे.

असल्या अटींनी घरं महागतात, असं बिल्डर म्हणतील. म्हणू देत. माझ्या वसाहतीत ‘हेरिटेज’ हा शब्द जाहिरातीच्या फलकावर छापून त्यावर पैसे घेतले गेले, तेव्हा महागाईची काळजी कुणाला पडली नव्हती.

संग्रहालयालाही एक सुचवावंसं वाटतं. खुर्चीत बसू देता, उत्तम. पण पाहणाऱ्याला अर्धा तास बाहेरही काढा. टेकाडावरून उतरवा, क्ले क्लिफ क्रीकच्या बाजूने, जिथे आता ओढ्याचं गटार झालं आहे तिथून न्या, आणि शर्यतीच्या मैदानाच्या कुंपणापाशी उभं करा. लाइट रेलचं रोझहिल गार्डन्स स्टेशन तिथेच आहे. तिथे सांगा: इथे बुरामत्तगल होते, मग कैद्यांनी झाडं पाडली, मग कलकत्त्याच्या मेंढ्या चरल्या, मग घोडे आले.

परवा माझ्या भाच्याला घेऊन गेलो होतो, वय नऊ. व्हरांड्यात त्यानेही तोच प्रश्न विचारला. मी त्याला खाली रस्त्यावर नेलं, बोट दाखवून म्हटलं, “शेत ना? आपण त्यातच उभे आहोत.” त्याने पायाखालच्या डांबराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, “मग मेंढ्या कुणी विकल्या?”

मी सेप्टिमस स्टीफन हे नाव सांगितलं. जमीन घेऊन तिचे तुकडे त्याने पाडले, मेंढ्या त्याने विकल्या असतील की नाही देव जाणे. अ‍ॅलिस स्ट्रीटवर एक गाडी हॉर्न वाजवत गेली आणि आम्ही बाजूला झालो.